उरलेल्या मालाचा धनी कोण?

विक्री ५१२ रुपयांची, हातात पडले २ रुपये ४९ पैसे. फेब्रुवारी २०२३ मध्ये सोलापूरच्या सिद्धेश्वर कृषी उत्पन्न बाजार समितीतली ही हिशेबाची पट्टी राज्यभर फिरली. बार्शी तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने दहा गोण्या कांदा आणला होता. वजन भरलं ५१२ किलो, भाव निघाला किलोला एक रुपया. मोटारभाडं, हमाली, तोलाई असं करत ५०९ रुपये ५१ पैसे कापले गेले आणि शेतकऱ्याला दोन रुपयांचा धनादेश मिळाला, तोही पुढच्या तारखेचा. वर्तमानपत्रांत फोटो आला, व्यापाऱ्याचा परवाना निलंबित झाला, विधिमंडळात गदारोळ झाला आणि मार्चमध्ये राज्य सरकारने कांद्याला क्विंटलमागे ३५० रुपये अनुदान जाहीर केलं.

त्या पट्टीत चोरी शोधायला गेलं तर हाती फारसं लागत नाही, आणि म्हणूनच ती जास्त अस्वस्थ करते. मोटारभाडं गोणीवर ठरतं, हमाली गोणीवर, तोलाई वजनावर. कांदा रुपयाने जावो की वीस रुपयांनी, हे आकडे जागचे हलत नाहीत. तोच माल दहा रुपयांनी गेला असता तर ५,१२० रुपयांतून हेच पाचशे नऊ रुपये कापले असते, म्हणजे साधारण दहा टक्के. वीस रुपयांनी गेला असता तर पाच टक्के. एक रुपयाच्या भावात मात्र कपात साडेनव्व्याण्णव टक्क्यांवर गेली. भाव पडला की खर्चाने सगळी विक्री खाऊन टाकायची, हे गणितातच लिहिलेलं होतं.

अशी बातमी आली की सल्ला ठरलेला असतो: मधले दलाल काढून टाका, शेतकऱ्याने थेट गिऱ्हाइकाला विकावं. कागदावर करून पाहू. चौघांच्या घराला महिन्याला पाच किलो कांदा धरला तर ५१२ किलो म्हणजे शंभर घरांचा महिन्याचा कांदा. ही शंभर घरं एकाच दिवशी, एकाच ठिकाणी कांदा घ्यायला यायला हवीत. मोजून द्यायला माणूस हवा, बसायला जागा हवी, सुटे पैसे हवेत. बार्शीकडून सोलापूरला येण्याचं भाडं चुकत नाहीच. आणि समजा दिवसभरात तीसच घरं आली, तर उरलेल्या साडेतीनशे किलोंचं काय करायचं? परत न्यायचे तर पुन्हा भाडं, टाकून जायचे तर तेही फुकट होत नाही.

थेट विक्री, शेतकरी आठवडे बाजार, ग्राहकांच्या सहकारी संस्था, शेतकरी उत्पादक कंपन्या यांबद्दल गेल्या काही वर्षांत भरपूर लिहून आलं आहे. त्यात ‘मध्यस्थ’ हा शब्द वारंवार येतो, ‘उरलेला माल’ हा क्वचितच. माझ्या मते यातला कुठलाही प्रयोग टिकेल की नाही हे या दुसऱ्या गोष्टीवर ठरतं.

बाजार समितीतला मध्यस्थ, म्हणजे अडत्या, नेमकं काय करतो, हे आधी नीट पाहायला हवं. तो शेतकऱ्याला हंगामाआधी उचल देतो, आणि या उचलीनेच शेतकरी त्याच्या गाळ्याशी बांधला जातो, हे खरं. पण तो आणखी एक काम करतो: माल नको असं म्हणत नाही. पाच गोण्या आणा, पन्नास आणा, ओला आणा, बारीक आणा, लिलावात तो कुठल्या तरी भावाला जातोच. डिसेंबर-जानेवारीत लाल कांद्याचा हंगाम भरात आला की सोलापूरच्या समितीबाहेर ट्रकांच्या रांगा लागतात. महाराष्ट्रात कांद्याच्या मोठ्या बाजारपेठांत सोलापूरचं नाव आहे, आणि सीमेपलीकडच्या कर्नाटकातूनही माल इथे येतो. एवढा माल रोज घेऊन रोज मोकळं व्हायचं तर एकच युक्ती उरते, ती म्हणजे भाव पाडणं. उरलेल्या मालाचा प्रश्न बाजार समितीने असा सोडवला आहे की माल उरतच नाही, भाव तेवढा उरत नाही. तो भार शेतकऱ्याच्या पट्टीवर पडतो.

सोलापूरच्या लक्ष्मी मंडईत किंवा रस्त्यावरच्या हातगाडीवर हाच भार भाजीवालीच्या अंगावर असतो. सकाळी वीस रुपयांची मेथीची पेंढी संध्याकाळी सातला दहाला दोन मिळते, ती कुणाच्या औदार्यामुळे नव्हे. उद्या सकाळी तिला कुणी हात लावणार नाही हे भाजीवालीला माहीत असतं. मंडईतला दुपारचा भाव चढा का, याचं निम्मं उत्तर संध्याकाळी फेकून द्याव्या लागणाऱ्या टोपलीत असतं. म्हणजे मधल्या माणसाचा सगळा नफा हा नफा नसतो. त्यातला काही भाग हा नासाडीचा विमा असतो. काही भाग निव्वळ लूटही असते, ते नाकारायचं कारण नाही. पण दोन्ही एकत्र मोजलं की प्रयोग फसतात.

बाजार समित्यांवर आज सगळेच तोंडसुख घेतात, तेव्हा त्या कशासाठी आल्या हेही आठवावं. व्यापाऱ्यांनी रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबून भाव ठरवायचे आणि माल विकणाऱ्याला काही कळू द्यायचं नाही, ही ‘हत्ता’ पद्धत देशभर होती; जनावरांच्या बाजारात तिचे अवशेष अजून दिसतात. त्याविरुद्ध वऱ्हाडात १८९७ मध्ये कापूस आणि धान्य बाजारासाठी कायदा आला, मुंबई इलाख्यात १९२७ मध्ये कापसासाठी, १९३९ मध्ये इतर शेतमालासाठी आणि महाराष्ट्राचा आजचा कायदा १९६३चा. उघडा लिलाव, तपासलेला काटा, लेखी पट्टी, निवडून आलेली समिती या तेव्हा शेतकऱ्याच्या बाजूने जिंकलेल्या गोष्टी होत्या. ज्या दोन रुपयांच्या पट्टीने गदारोळ झाला ती पट्टी लेखी होती, म्हणून तर ती आपल्यापर्यंत पोचली.

२०१६ मध्ये राज्य सरकारने दोन गोष्टी केल्या. फळं, भाजीपाला, कांदा-बटाटा समितीच्या आवाराबाहेर विकायला मोकळे केले आणि अडत, म्हणजे अडत्याची दलाली, शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायची असं ठरवलं. त्याच सुमाराला पणन मंडळाने शहरांमध्ये शेतकऱ्यांचे आठवडे बाजार भरवायला सुरुवात केली. अभियानाला नाव दिलं संत शिरोमणी सावता माळी यांचं, आणि सोलापूर जिल्ह्याच्या दृष्टीने ते अगदी घरचं नाव आहे. सावता महाराजांचं अरण माढा तालुक्यात, मोडनिंबजवळ, पुणे-सोलापूर रस्त्याला लागून. तेराव्या शतकातला हा वारकरी संत मळ्यातलं काम हीच पूजा मानत राहिला. १२९५ मध्ये त्याची समाधी झाली. पंढरपूर जवळ असून तो वारीला गेला नाही, पांडुरंगच त्याच्या मळ्यात आला, अशी श्रद्धा आहे, आणि आजही विठ्ठलाची पालखी पंढरपुराहून अरणला येते. शेतकऱ्याने माल घेऊन शहराकडे जायचं अशा योजनेला, जो मळा सोडून कुठेच गेला नाही त्याचं नाव. नाव देणाऱ्यांच्या हे मनात आलं असेल का, कोण जाणे.

आठवडे बाजाराची रचना सोपी असते. गावातला शेतकरी गट किंवा उत्पादक कंपनी पुढाकार घेते. शहरात एखादं मैदान किंवा सोसायटीची मोकळी जागा, आठवड्यातला ठरलेला वार, टेबलं, इलेक्ट्रॉनिक काटे. पहाटे तोडलेला माल टेम्पोतून येतो. भाव घाऊक आणि किरकोळ यांच्या मधला ठेवला की दोघांचा फायदा होतो. गिऱ्हाईक खूष असतं, कारण भाजी ताजी असते आणि विकणाऱ्याला विचारता येतं की दादा, हे वांगं कुठल्या शिवारातलं.

अडचण ही आहे की झाडाला वार कळत नाहीत. भेंडी एक दिवसाआड तोडावीच लागते. दोन दिवस राहिली की निबर. म्हणजे आठवड्याला तीन तोडे. त्यातला एक तोडा आठवडे बाजारात गेला तरी बाकीचे दोन बाजार समितीतच जाणार. गवार, दोडका, वांगी यांचंही कमीजास्त तेच. मेथी पेरल्यापासून चार आठवड्यांत तयार होते, आणि तयार झाली की सगळा वाफा एकदमच तयार होतो. आठवडे बाजारातला शेतकरी त्यामुळे अडत्याला रामराम ठोकू शकत नाही. त्याच्या मालाचा लहान, चांगला हिस्सा थेट विकला जातो आणि मोठा हिस्सा जुन्याच वाटेने जातो. यात वाईट काही नाही, पण ‘अडत्यापासून मुक्ती’ असा फलक लावायलाही अर्थ नाही.

दुसरी अडचण गिऱ्हाइकाच्या पिशवीत आहे. त्याला एका फेरीत बारा-पंधरा जिन्नस हवे असतात: बटाटा, आलं, लिंबू, कोथिंबीर, टोमॅटो, दोन पालेभाज्या, दोन फळभाज्या, मुलांसाठी केळी. एका गावचा गट एवढं पिकवत नाही. पाऊस झाला की सगळ्यांनी कोथिंबीर लावलेली, भाव चढला की सगळ्यांनी टोमॅटो. मग टेबल भरलेलं दिसावं म्हणून गटातलं कुणीतरी मार्केट यार्डातून बटाटा आणि आलं आणतं. इथून व्यापार मागच्या दाराने आत येतो. हळूहळू टेबलामागे बसलेला माणूस शेतकरी आहे की पूर्वीचाच भाजीवाला, हे ओळखता येईनासं होतं. त्या काळी शेजारी असलेल्या आंध्र प्रदेशाने १९९९ च्या प्रजासत्ताक दिनी ‘रयतू बाजार’ सुरू केले तेव्हा हे ओळखून शेतकऱ्यांना फोटोची ओळखपत्रं दिली आणि त्या दिवसाचे भाव फळ्यावर लिहायला लावले. त्याच वर्षी तमिळनाडूत मदुराईपासून ‘उळवर संदै’ सुरू झाले. पंजाबात ‘अपनी मंडी’ १९८७ पासून होती. यांतले बरेच बाजार चालले ते सरकारने जागा, शेड आणि माणसं पुरवल्यामुळे. म्हणजे इथेही मधलं काम झालं, फक्त त्याचा पगार तिजोरीतून गेला.

कर्नाटकाचं उदाहरण आणखी शिकवणारं आहे. बेंगळुरूत १९५९ मध्ये द्राक्ष बागायतदारांची सहकारी संस्था म्हणून सुरू झालेली ‘हॉपकॉम्स’ पुढे भाजी-फळांची मोठी साखळी झाली. शेतकऱ्याने माल संस्थेला द्यायचा, संस्थेने रोजचा भाव जाहीर करायचा, निवडून-तोलून स्वतःच्या दुकानांतून विकायचा. उरलेला, नासलेला माल संस्थेचा. शेतकऱ्याला यापेक्षा चांगलं काय हवं? पण तोटाही संस्थेच्याच खात्यात साचत जातो, आणि अलीकडे तिची बरीच दुकानं बंद पडली. धनी बदलला तरी माल नासायचा थांबत नाही.

मग कुणी असा विचार केला का की माल उरूच द्यायचा नाही? केला, आणि तो मराठी मध्यमवर्गाने केला. १९७५ मध्ये, टंचाई आणि साठेबाजीच्या काळात, बिंदुमाधव जोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबई ग्राहक पंचायत उभी केली. तिची वितरण पद्धत आजही अभ्यासावी अशी आहे. शेजारपाजारची घरं मिळून एक संघ होतो. महिन्याला वस्तूंची यादी येते, प्रत्येक घर आपली मागणी भरून देतं. सगळ्या संघांची मागणी एकत्र करून माल घाऊक घेतला जातो, तपासला जातो, आणि ठरलेल्या दिवशी एका सभासदाच्या घरी उतरतो. तिथे सभासद आपापलं वाटून घेतात. दुकान नाही, गल्ला नाही, नोकर जवळजवळ नाहीत. मागणी आधी आणि खरेदी नंतर, त्यामुळे उरण्यासारखं काही उरत नाही.

यात हमाली आणि तोलाई नाहीशी झाली असं मात्र नाही. ती सभासदांनी, त्यातही मुख्यतः बायकांनी, आपल्या अंगावर घेतली. कुणाच्या तरी दिवाणखान्यात तेलाचे डबे आणि डाळीची पोती उतरतात, कुणीतरी हिशेब लिहितं, न आलेल्या शेजारणीचं सामान बाजूला काढून ठेवतं. पन्नास वर्षं हे चाललं यामागे वाचलेल्या पैशांपेक्षा शेजाराचा हात मोठा असावा, असं मला वाटतं. जपानी घरांनी १९७०च्या दशकात शेतकऱ्यांशी थेट करार करून ‘तेइकेई’ नावाची रीत सुरू केली, त्यात तर आणखी एक पाऊल पुढे होतं: शेतात जे पिकेल ते सगळं ठरलेल्या घरांनी घ्यायचं. उरलेला माल तिथे थेट स्वयंपाकघराच्या वाट्याला जातो. मुळ्याचा हंगाम असेल तर आठवडाभर मुळा. आपल्याकडे हे कुठल्या घरात किती दिवस टिकेल, याचा अंदाज प्रत्येकाने आपापल्या घरी विचारून घ्यावा.

ग्राहक पंचायतीच्या यादीत डाळ, तांदूळ, तेल, साबण अशा वस्तूंचा भर आहे, पालेभाजीचा नाही. ही मर्यादा नवी नाही. इंग्लंडात रॉचडेल गावी डिसेंबर १८४४ मध्ये अठ्ठावीस जणांनी, ज्यांत विणकर बरेच होते, आधुनिक ग्राहक सहकाराचं पहिलं टिकलेलं दुकान उघडलं तेव्हा त्यांच्या फळीवर लोणी, साखर, पीठ, ओटचं पीठ आणि मेणबत्त्या होत्या. भाजी नव्हती. माणशी एक पौंड भांडवल, उधारी बंद, भाव बाजाराचाच, आणि ज्याने जितकी खरेदी केली त्या प्रमाणात नफ्याचा वाटा. मुंबईत नायगावच्या कामगारांनी १९४८ मध्ये उभा केलेला ‘अपना बाजार’ त्याच कुळातला. १९६२ च्या चीन युद्धानंतर महागाई रोखायला केंद्र सरकारने जागोजाग ग्राहक भांडारं काढायला लावली. त्यांतली बरीच नियंत्रित साखर-कापडाच्या आधारावर उभी होती आणि तो आधार सुटल्यावर बसली. सरकारी कोट्यावर उभा केलेला सहकार आणि गरजेपोटी उभा राहिलेला सहकार यांत हा फरक पडतोच.

सोलापूर हे रॉचडेलसारखंच कापडाचं गाव. १८७७ मध्ये जुनी मिल सुरू झाली तेव्हापासून कामगारांचं, नंतर हातमाग-यंत्रमागाचं आणि विडीचं. आणि भोवतीची जमीन भाजीपेक्षा धान्याची. जिल्ह्यात पाऊस सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास, तोही बराचसा परतीचा. सप्टेंबर-ऑक्टोबरात काळ्या रानात ओल धरली की रब्बी ज्वारी पेरायची आणि पुढे त्या ओलीवरच फेब्रुवारी-मार्चपर्यंत काढायची. महाराष्ट्रभर ज्या ‘मालदांडी’चं नाव घेतात तिचं निवड वाण, एम ३५-१, १९३०च्या दशकात याच जिल्ह्यातल्या मोहोळच्या संशोधन केंद्रातून पुढे आलं. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं.

सहकारी खरेदीसाठी ज्वारीइतका सोयीचा माल दुसरा नाही. ती टिकते. पूर्वी पेवात वर्षानुवर्षं राहायची. पंधराव्या शतकातल्या दुष्काळात मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी सरकारी कोठारं भुकेल्यांसाठी मोकळी केली ही कथा घराघरात माहीत आहे, आणि कोठारात तेवढं धान्य टिकलेलं होतं म्हणून तर ती घडली. आजही सोलापुरातली कितीतरी घरं उन्हाळ्यात वर्षाची ज्वारी एकदम भरतात. ओळखीच्या शेतकऱ्याकडून पोती येतात, गच्चीवर ऊन दाखवतात, कडुलिंबाचा पाला घालून भरून ठेवतात. शेतकरी एकच आणि त्याची गिऱ्हाइकं पाच-सहा घरं, पुष्कळदा एकमेकांच्या नात्यातली. कुठलीही नोंदणी नसलेली ही थेट विक्री पिढ्यान्‌पिढ्या चालली आहे. फक्त ती ओळखीवर चालते, आणि ज्यांची गावाकडे ओळख नाही त्यांना किराणा दुकानातली पिशवी घ्यावी लागते.

उरलेल्या मालावरचा आणखी एक जुना उपाय म्हणजे त्याचं रूप बदलणं. हाही सोलापूरकरांना शिकवावा लागत नाही. ज्वारीची कागदासारखी पातळ कडक भाकरी कोरडी राहिली तर कितीतरी दिवस टिकते, प्रवासात न्यावी, दह्यात कुस्करून खावी. शेंगदाणे तेल सुटेपर्यंत कुटून केलेली शेंगा चटणी तिच्या जोडीला. या दोन्ही गोष्टींवर शहरातल्या आणि खेड्यांतल्या कितीतरी बायकांची, बचत गटांची कमाई चालते, आणि २०२३ च्या आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्षाने या धंद्याला गिऱ्हाईकही वाढवून दिलं. पंढरपूर भागात द्राक्षाला भाव नसला की बेदाणा होतो. दुधाचं तर सगळं तंत्रच यावर उभं आहे: ‘दूधपंढरी’सारख्या जिल्हा संघाला गवळ्याचं दूध सकाळ-संध्याकाळ घ्यावंच लागतं, आणि जास्तीचं झालं की त्याची भुकटी करायची. भुकटीलाही मागणी नसली की ‘खाडा’ जाहीर होतो, त्या दिवशी संकलनच बंद. खाड्याच्या दिवशी दुधाचा धनी पुन्हा शेतकरीच होतो.

महिला शेतकऱ्यांच्या एका कामात मात्र या प्रश्नाची दिशाच उलटी केलेली दिसते. १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर मराठवाड्यात रुजलेली ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ ही संस्था धाराशिव, लातूर, सोलापूर या दुष्काळी पट्ट्यात ‘एक एकर’ शेतीवर काम करते. घरच्या जमिनीतला अर्धा-एक एकर बाईच्या निर्णयाखाली घ्यायचा आणि त्यात ऊस किंवा सोयाबीन न लावता भाज्या, डाळी, भरडधान्यं अशी मिश्र पिकं घ्यायची. पहिला हक्क घरच्या ताटाचा. ताटातून जास्त झालेलं आधी गावात, मग जवळच्या बाजारात. या कामाला २०१७ मध्ये संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाचं ‘इक्वेटर’ पारितोषिक मिळालं. इथे बाजारात जाणारा माल हाच उरलेला माल असतो. भाव पडला तर नुकसान होतं, पण घरात चूल बंद पडत नाही. दोन रुपयांच्या पट्टीत आणि यात हा फरक आहे: कांद्याच्या त्या दहा गोण्यांना घर हे गिऱ्हाईक नव्हतंच.

करोनाच्या टाळेबंदीत काही महिने शहरांनी थेट विक्री मोठ्या प्रमाणावर करून पाहिली. सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर मागणी, शेतकरी गटाकडून तयार भाजीची टोपली, दारातच पैसे. मागणी आधी आली, त्यामुळे माल उरला नाही. २०२० मध्येच कृषी विभागाने ‘विकेल ते पिकेल’ ही घोषणा दिली आणि सावता महाराजांच्याच नावाने ‘रयत बाजार अभियान’ आणलं. पुढे मंडई उघडली, भाजी पुन्हा हाताने निवडता येऊ लागली आणि अनेक गटांचं ते काम ओसरलं. टोपलीत आलेला दोडका मुकाट्याने शिजवणारं गिऱ्हाईक संकटापुरतंच होतं. ‘विकेल ते पिकेल’ ही घोषणा म्हणून ठीक आहे, पण तिच्यात सगळी शिस्त शेतकऱ्याने पाळायची आहे. गिऱ्हाइकानेही आठ दिवस आधी काय घेणार ते सांगावं, आणि सांगितलं तर घ्यावं, ही बाजू घोषणेत बसलेली नाही.

या दृष्टीने सोलापुरात मला सगळ्यात आशेची जागा वाटते ती मंडई किंवा आठवडे बाजार नाही. ती अक्कलकोट रस्त्यावरची कुंभारी आहे. माजी आमदार नरसय्या आडम यांच्या पुढाकाराने विडी कामगार बायकांनी सहकारी गृहनिर्माण संस्था काढून तिथे दहा हजार घरं उभी केली. गोदूताई परुळेकरांचं नाव दिलेली ही वसाहत २००६ मध्ये पूर्ण झाली. शेजारीच असंघटित कामगारांसाठी तीस हजार घरांचं ‘रे नगर’ आखलं गेलं आणि त्यातल्या पंधरा हजार घरांच्या किल्ल्या जानेवारी २०२४ मध्ये दिल्या गेल्या. दहा गोण्या कांद्याला शंभर घरं लागतात म्हणून आपण अडलो होतो. इथे एका हाकेच्या अंतरावर हजारो घरं आहेत, तीही सहकाराचा कागद, सभा, वर्गणी आणि वाद हे सगळं पाहिलेली. आणि आजूबाजूला दक्षिण सोलापूरचं ज्वारी-तुरीचं रान.

अडचणीही तितक्याच उघड आहेत. ग्राहक पंचायतीची महिन्याची यादी ही महिन्याचा पगार असलेल्यांची रीत. विडी वळणाऱ्या बाईच्या हातात पैसा रोजचा किंवा आठवड्याचा येतो, आणि कोपऱ्यावरचा किराणावाला उधारी देतो. रॉचडेलच्या विणकरांनी उधारी बंद केली ते शहाणपणाचं होतं, पण त्यांच्यापैकी अनेकांना त्याआधी त्याच उधारीने पोसलं होतं. उधारीची सोय नसलेलं दुकान इथे पहिल्याच महिन्यात ओस पडेल, आणि उधारी दिली तर दुसऱ्या वर्षी बुडेल. एक गल्ली, वीस-पंचवीस घरं, आठवड्याची वर्गणी, त्या गल्लीच्या वर्गणीएवढाच माल आणि हिशेब त्याच गल्लीतल्या बाईकडे, एवढ्या लहान मापाने सुरुवात झाली तर निभाव लागू शकतो. आणि यादी ठरवताना मोह आवरावा लागेल. ज्वारी, तूरडाळ, शेंगदाणे, गूळ आणि हंगामात वाळवलेला कांदा यांवर निदान वर्ष काढावं. मेथीच्या पेंढीचा विचार त्यानंतर, आणि तोही तिची मागणी आदल्या संध्याकाळी लिहून घेतलेली असेल तरच.